वाऱ्यात टिकेल असं नाव

बालदानकाकांकडून पिल्लू आणलं
निळी रेशमी पट्टी आणि तुपाचा डबा देऊन.
कुत्रा फुकट घेऊ नये, आजोबा म्हणाले,
फुकटचा कुत्रा चोरामागेही शेपूट हलवत जातो.

काळं कुळकुळीत. भुवयांच्या जागी दोन तपकिरी ठिपके,
म्हणजे चार डोळ्यांचं.
नर की मादी, बघायला आजीनं त्याला उलटं धरलं
आणि त्यानं तिच्या बाहीवरच उत्तर दिलं.

तीन दिवस त्याला नाव नव्हतं.
बाकी सगळ्यांकडे त्याच्यासाठी नावं होती.

काका म्हणाले, आर्सलान. सिंह.
लांडग्यांनी नुसतं ऐकून डोंगर बदलावा.
ओचिर, उलानबातरहून, फोनवर तुटत तुटत:
रॉकी ठेवा, नाहीतर टर्बो,
मग तामीरच्या खोऱ्यात रेंज गेली
आणि टर्बो अर्धाच पोचला.
आजी म्हणाली, बूटखाऊ म्हणा, झालं.
मी वहीत अकरा नावं लिहिली, गोड गोड,
शेवटचं तर एका चॉकलेटचं.

आजोबा एकेक नाव घेऊन टेकडीवर जायचे.
खरंच. याकचं दूध काढून झालं की हात पुसत वर,
तोंडाशी तळव्यांचा कर्णा करून
आर्सलाऽऽन!
नाव वाऱ्यात टिकायला हवं, म्हणायचे.
हिवाळी वादळात दिसत काहीच नाही,
नावच तेवढं दोरासारखं फेकायचं असतं.
आर्सलान मध्येच फाटलं.
टर्बो ऐकून याकच पळाले.
माझी अकरा तर टेकडीवरून खालीसुद्धा उतरली नाहीत.
आणि पिल्लू?
गेरच्या दाराशी बसून
आजीचा बूट शांतपणे संपवत होतं.

आजोबांचं स्वतःचं नाव नेरगुई.
म्हणजे निनावी.
आधीचे तीन भाऊ वर्षाचे व्हायच्या आत गेले,
म्हणून आईनं चौथ्याला नावच दिलं नाही,
जे शोधत येतात त्यांना कळायला नको
इथे कुणी आहे ते.
शाळेत, सैन्यात, पेन्शनच्या कागदावर
निनावी हजर.
त्र्याहत्तर वर्षं.
वाईट नाही वाटलं कधी? मी विचारलं.
चुलीत गोवऱ्या सारत म्हणाले,
रात्री मात्र ती...
आणि मग, गोवऱ्या ओल्या आहेत, असं काहीतरी.

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली तर
ते पिल्लाच्या कानाला तोंड लावून बसलेले.
तीनदा पुटपुटले.
पिल्लानं कान झटकला, पाणी गेल्यासारखा.
ओरोम, त्यांनी जाहीर केलं.

ओरोम म्हणजे साय.
रात्रभर तापल्या दुधावर धरते ती,
जाड, पिवळसर, कडेनं सुरकुतलेली.

काका हसता हसता खोगिरावरून घसरले.
काळ्या कुत्र्याला साय!
लांडगे येतील ना, चमचे घेऊन येतील!
मला तर रागच आला.
दुधावरची साय या घरात मी ना?
आजी गप्प.
पन्नास वर्षं त्यांच्याशेजारी झोपली होती ती,
आणि त्यांच्याकडे अशी बघत होती
जणू पेटीच्या तळाशी अजून एक पेटी निघावी.

ऑगस्टच्या शेवटी, शहरात परतायच्या आदल्या दिवशी,
मी टेकडीवर गेले आणि खच्चून हाक मारली.
ओरोऽऽम!
नाव कुठेही अडकलं नाही.
घसरत, गवत दाबत थेट नदीपर्यंत गेलं.
खाली कुत्रा थबकला, वळला, उधळत निघाला.
आणि बादल्या घेऊन चाललेले आजोबा,
त्यांनीही मान वळवली,
त्याच्या आधी.

एक बादली हिंदकळली.
मग ते भानावर आल्यासारखे चालू लागले,
जरा भरभर, माझ्याकडे न बघता.
कुत्रा सांडलेल्या दुधाशी थांबला
आणि चाटतच बसला.
माझ्यापर्यंत काही आला नाही.